बिनपलटणीचा मेजर

माणूस गेल्यावर त्याच्याविषयी वाईट बोलू नये म्हणतात. मेजर कोरे अजून हयात आहेत, प्रकृतीही ठणठणीत आहे असं ऐकतो, त्यामुळे माझी ती अडचण नाही. लातूरच्या एका खाजगी तांत्रिक शाळेत मी त्यांच्याबरोबर सहा वर्षं नोकरी केली आणि त्या सहा वर्षांत मला त्यांच्याविषयी एकदाही आदर वाटला नाही. राग यायचा, हसू यायचं, कधी दोन्ही एकदम यायचं. ते फिटरच्या वर्गाचे निदेशक होते आणि मी ड्रॉइंग आणि गणित शिकवायचो. आमची टेबलं शेजारी शेजारी होती, हा माझ्या नशिबाचा भाग.

आधीच सांगून टाकतो की मेजर कधीही फौजेत नव्हते. त्यांनी आयुष्यात बंदूक धरली असेल तर ती जत्रेतली, फुगे फोडायची. पण कडक इस्त्रीची खाकी पँट, तसाच शर्ट, खिशाला लोंबणारी शिट्टी, वर वळवलेल्या मिशा आणि कपाळावर भस्माचे तीन पट्टे असा सगळा सरंजाम घेऊन ते सकाळी शाळेच्या फाटकातून आत आले की नवीन पोरं आपसूक उभी राहायची. कोरे मान जराशी हलवून ती सलामी स्वीकारायचे. मी उभा राहत नसे. त्यांनी ते सहा वर्षं लक्षात ठेवलं.

मेजर ही पदवी त्यांना कुणी दिली, याची हकीकत आमच्या शाळेचा शिपाई नामदेव फार रंगवून सांगायचा, कारण तो स्वतः तिथे हजर होता. त्यासाठी बहात्तरच्या दुष्काळात जावं लागतं. कोरे तेव्हा विदर्भातल्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला होते. महिन्याच्या रजेवर गावी आले, अहमदपूरच्या बाजूला. गावात काय होतं? विहिरी कोरड्या, जनावरं बाजारात, आणि अख्खं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. कोरे अंगावर कारखान्याचा खाकी शर्ट घालून ते काम बघायला गेले. कामावरच्या कारकुनाला वाटलं, सरकारी माणूस आहे. त्यानं खुर्ची दिली. मग दुसऱ्या दिवशी मुकादम केलं. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी हातून शिट्टी मिळाली, आणि तिथून पुढे कोरे कारखान्यात परत गेलेच नाहीत.

ज्या वर्षी माणसं पावशेर सुकडीसाठी उन्हात रांगा लावत होती, त्या वर्षी या गृहस्थानं सरकारी कारखान्यातली कायम नोकरी एका शिट्टीपायी सोडली. तिथे ते कामगार होते, इथे लोक त्यांना वाट करून देत होते. एवढाच हिशोब.

पुढे मोठे साहेब पाहणीला येणार असं कळलं. कोऱ्यांनी दोन दिवस काम थांबवून मजुरांची कवायत घेतली. बायका एका रांगेत, डोक्यावर टोपली. बाप्ये दुसऱ्या रांगेत, खांद्यावर टिकाव. शिट्टी वाजली की सगळ्यांनी मान डावीकडे वळवायची. नामदेव सांगायचा, "उन्हानं जीव चाललेला, अन् ह्यो म्हणतोय छाती फुगवा. एक म्हातारी म्हणली, आरं बाबा, छातीत काय भरू? प्वाटात न्हाई तर छातीत कुठून आणू?" साहेब आले, जीपमधून उतरले, तो देखावा बघून गालात हसले आणि बरोबरच्या माणसाला म्हणाले, "हे कोण? मेजर आहेत का?"

झालं. साहेबानं थट्टा केली आणि कोऱ्यांनी ती नेमणूक समजून घेतली. त्या आठवड्यात खडीचं माप कमी भरलं, मजुरी कापली गेली म्हणून बायका रडल्या, ते नामदेवला आठवत होतं. कोऱ्यांना आठवत नसे.

त्या बाप्यांच्या रांगेत चौदा वर्षांचा एक पोरगा टिकाव घेऊन उभा होता. शिवलिंग त्याचं नाव. त्याची आई बायकांच्या रांगेत होती. दुपारच्या सुट्टीत कोरे बाभळीखाली बसून कारखान्याच्या गोष्टी सांगायचे. पत्र्याचं उंच छप्पर, भोंगा, महिन्याच्या महिन्याला पगार. शिवलिंगानं विचारलं, "आन् पाऊस न्हाई पडला तर?" कोरे म्हणाले, "येड्या, पगाराला पाऊस कशाला लागतोय?" शिवलिंगानं पुढे मला सांगितलं की त्या दिवसापर्यंत त्याला असं काही जगात असतं हेच माहीत नव्हतं. आभाळाकडे न बघता जेवता येतं, हे त्याला कोऱ्यांनी सांगितलं. त्यानं ते मनात धरलं ते धरलंच. दहावी करून तो आमच्या शाळेत फिटरला आला तो त्या एका वाक्यापायी. त्याला दुसरं काही नको होतं, त्याच कारखान्यात जायचं होतं.

आणि त्याचा रस्ता दाखवायला कोण, तर मेजर कोरे. संस्थेच्या अध्यक्षांनी "संरक्षण खात्याचा अनुभव" एवढे शब्द ऐकून त्यांना घेतलं होतं. फिटरचं प्रमाणपत्र त्यांच्याकडे होतं, नाही असं नाही.

दर रविवारी सकाळी शाळेमागच्या मैदानावर त्यांचा "संरक्षण मार्गदर्शन वर्ग" भरायचा. तो फुकट असायचा, हे त्यांच्या बाजूनं सांगतो. वर्गात काय शिकवायचे? मैदानाला आठ फेऱ्या. मग सावधान, विश्राम. मग टेप घेऊन प्रत्येकाची छाती मोजायची, फुगवून आणि न फुगवता, आणि वहीत लिहायची. मी एकदा विचारलं, "कोरे, ही पोरं कारखान्यात फिटर व्हायला चालली आहेत. फिटरला छाती कशाला? त्याला कानस घासायची आहे." कोरे माझ्याकडे करुणेनं बघून म्हणाले, "ड्रॉइंगवाले, तुमाला डिफेन्स कळायचं न्हाई." डिफेन्स हा शब्द ते असा उच्चारायचे की ऐकणाऱ्यानं चप्पल काढून ठेवावी.

पोरं कारखान्याविषयी विचारायची, साहजिकच. तिथे लेथ कुठला असतो? जॉब कसला देतात? मापात किती फरक चालतो? कोरे डोळे बारीक करून, इकडे तिकडे बघून म्हणायचे, "ते सांगता येत न्हाई. देशाचा मामला हाय." एकानं बिचाऱ्यानं विचारलं, "सर, कँटीनमधी जेवायला काय मिळतं?" तर म्हणाले, "ते बी सांगता येत न्हाई." पोरं एकमेकांकडे बघायची. वरणभातसुद्धा शत्रूपासून लपवतात म्हणजे कारखाना केवढा मोठा असेल!

खरी गोष्ट मला धर्माबादच्या माझ्या मावसभावाकडून कळली. तो त्याच कारखान्याच्या कचेरीत होता. दिवाळीत भेटला तेव्हा मी सहज नाव काढलं. तो म्हणाला, "कोरे? अहमदपूरकडचा? पॅकिंगमध्ये होता की. लेबर. गोळ्यांच्या लाकडी पेट्या ठोकायचा. पण हात चांगला होता हां त्याचा, तीन ठोक्यांत खिळा आत." मी त्या दिवशी पोट धरून हसलो. पेट्या ठोकणं हे काही कमीपणाचं काम नाही, माझे आजोबा सुतार होते. पण मिशा पिळत ज्या गुपिताची राखण चालली होती, ते गुपित खिळ्यांचं निघालं! लातूरला परतल्यावर शिक्षकांच्या खोलीत कोरे आले की मी टेबलावर बोटांनी तीन ठोके वाजवायचो. ज्यांना माहीत होतं ते तोंड फिरवून हसायचे. ही माझी मर्दुमकी. तोंडावर बोललो नाही, संस्थेकडे तक्रार केली नाही, पोरांना तर नाहीच सांगितलं. माझ्या हाती आलेली ती गोष्ट मला विनोदाला पुरली, म्हणून मी तिचा दुसरा काही उपयोग शोधला नाही.

आता व्हर्नियरचं सांगतो. व्हर्नियर कॅलिपर म्हणजे बारीक माप घ्यायचं स्टीलचं हत्यार, मिलिमीटरचासुद्धा पन्नासावा भाग दाखवणारं. फिटरला ते वाचता आलं नाही तर तो फिटर कसला? आमच्या शाळेत असे दोन नग होते आणि दोन्ही मेजरांच्या कपाटात, मखमली कापडात, कुलपात. किल्ली जानव्यासारखी गळ्यात. पोरांच्या हाती दिलं तर पाडतील, माप बिघडेल, तपासणीला काय दाखवायचं? पोरं दोन वर्षं पट्टीनं मापून लोखंडाचे जॉब घासायची. व्हर्नियर बाहेर निघायचं वर्षातून एकदा, खंडेनवमीला. लाल कापड, झेंडूची फुलं, मध्ये व्हर्नियर, बाजूला कानशी आणि हातोड्या. कोरे स्वतः हळदकुंकू वाहायचे, नारळ फोडायचे, पोरं एकेक करून पुढे येऊन हात जोडायची आणि पेढा घेऊन मागे सरायची. व्हर्नियरच्या जबड्यात हळदीचा थर बसला होता. त्या हत्यारानं माप घेतलं असतं तर हळदीचंच आलं असतं.

शिवलिंगाला कारखान्याच्या शिकाऊ भरतीचं बोलावणं आलं. तो बाविशीत होता. कोऱ्यांनी त्याला शाळेच्या फाटकावर हार घातला. चार दिवसांनी तो परत आला आणि कुणाशी न बोलता मागच्या मैदानाच्या कडेला जाऊन बसला. मी जवळ गेलो तेव्हा त्यानं सांगितलं.

"सर, साहेबानं टेबलावर पितळी जॉब ठेवला. बाजूला व्हर्नियर. म्हणले, माप सांग."

"मग?"

"मी चप्पल काढली."

मला कळेना. "चप्पल कशाला?"

"काढली सर. हात बी जोडले. सवयच ती. मग मला पुढं काय करायचं ते ठावंच न्हाई. साहेब म्हणला, पूजा झाली? आता माप सांग. समदे हासले. मी हातात घेतलं तर त्ये कुठून सरकतंय ते बी कळंना."

सांगताना त्याचे कान लाल झाले होते. मला इतका संताप आला की मी तडक कोऱ्यांच्या टेबलाशी गेलो. तिथे ते दुसऱ्या पोरांना सांगत होते, "भ्याला आसंल. शिस्त कमी पडली." पुढच्या रविवारपासून आठ फेऱ्यांच्या दहा झाल्या. मी नेहमीप्रमाणे टेबलावर तीन ठोके वाजवले आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी मात्र मी पुठ्ठ्याचं हातभर लांब व्हर्नियर कापून, त्यावर रेघा आखून शिवलिंगाला शिकवायला बसलो. पंधरा दिवसांत तो मला चुका दाखवायला लागला. माझ्याच रेघा वाकड्या होत्या. तोवर त्यानं दालमिलमध्ये काम धरलं होतं, दिवसभर यंत्राचे पट्टे चढवायचे आणि डाळीची धूळ खायची. मोसम संपला की मिल बंद आणि मोसम पावसावर. म्हणजे फिरून आभाळच. कारखान्याची वयाची अट पंचवीस होती. तो भेटेल त्या प्रत्येक वेळी उरलेली मुदत सांगायचा, "सर, आजून अडीच वर्षं हायत." "सर, आजून दोन हायत."

मग लातूर जिल्हा झाला. इतकी वर्षं उस्मानाबादच्या शेपटाला बांधलेलं लातूर सुटं झालं म्हणून गावात कमानी काय, गुलाल काय, दुकानांवर रोषणाई काय! मी नांदेडचा, आम्हाला जिल्ह्याचं अप्रूप नाही, तरी मीसुद्धा पेढे खाल्ले. एकेक करून नवी कार्यालयं उघडू लागली, भाड्याच्या खोल्यांत, नव्या पाट्या लावून. त्यात रोजगाराची नोंदणी करायचं कार्यालयही येणार होतं.

त्या काळी नोकरीचं बोलावणं या कार्यालयातून यायचं. नाव नोंदवलं की कार्ड मिळायचं आणि कारखान्यानं माणसं मागितली की ज्याचं कार्ड जुनं त्याचं नाव आधी जायचं. शिवलिंगाचं कार्ड उस्मानाबादचं, पाच वर्षांचं. पोरं ही कार्डं प्लॅस्टिकमध्ये घालून देवाच्या फोटोमागे ठेवायची.

मेजरांच्या डोक्यात विचार आला की नव्या जिल्ह्याच्या नव्या कार्यालयात पहिले नंबर आपल्या पोरांचे असले पाहिजेत. "एक नंबरपासून सतरा नंबरपर्यंत समदी आपली लेकरं! नवा जिल्हा, नवं कार्ड. परक्या जिल्ह्याचं कार्ड कामून बाळगायचं?" त्यांनी सतरा पोरांना एस.टी.त बसवून उस्मानाबादला नेलं आणि जुनी कार्डं रद्द करून घेतली.

मी आदल्या दिवशी म्हणालो होतो. अगदीच गप्प बसलो असं नाही. "कोरे, जुनी कार्डं आपोआप इकडे वर्ग होतील असं ऐकतो. तारीख तीच राहील. घाई कशाला?" कोरे म्हणाले, "तुमी नांदेडचे. आमच्या जिल्ह्याचं तुमाला काय पडलंय?" मला तो बोल लागला. मी म्हटलं, मरा. खरं सांगायचं तर अपमान झाल्याचं मला बरंच वाटलं, कारण आता बोलायची जबाबदारी संपली होती.

कार्यालय उघडलं त्या सकाळी सतरा पोरं खाकी कपड्यांत एका रांगेत उभी होती. कारकून भला माणूस होता. त्यानं प्रत्येकाला विचारलं, "जुनं कार्ड आहे का? असेल तर नवं करू नका." शिकवल्याप्रमाणे सतराही जणांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "न्हाई साहेब!" आता ते खरंच होतं.

कारखान्यानं सात-आठ महिन्यांनी फिटरची नावं मागवली. ज्येष्ठतेप्रमाणे यादी गेली. मेजरांच्या सतरांपैकी एकाचंही नाव त्यात नव्हतं, कारण त्यांची सगळ्यांची नोंदणी आठच महिन्यांची होती. आणि गुंडू म्हणून एक पोरगा होता, आळशीपणात त्याचा हात कुणी धरला नसता. रविवारी तो कधी मैदानावर आला नाही, उस्मानाबादलाही गेला नाही, कारण मोटार पहाटेची होती आणि त्याला जाग आली नाही. त्याचं जुनं कार्ड आपसूक लातूरला आलं, त्याचं नाव गेलं आणि तो फिटर म्हणून लागला. ज्यांनी मेजरांचं ऐकलं ते बाहेर राहिले. ज्यानं झोप काढली तो आत गेला. इतका स्वच्छ निकाल मी दुसरा पाहिला नाही.

मला वाटलं, आता तरी पोरं या माणसाला फाटकात अडवतील. निदान शिवलिंग तरी. त्याचं जुनं कार्ड असतं तर यादीत तो गुंडूच्याही वर असता. तो म्हणाला, "मेजरसाहेबांचा काय दोस, सर? त्यांनी चांगल्यासाठीच केलं." आणि मग हळूच, "आजून दहा म्हैने हायत."

मला त्याचाही राग आला. भक्तीची एक जात असते, ती समोरच्याला आणखी नालायक करते.

कोऱ्यांच्यात काही फरक पडला का? काही नाही. रविवार चालू होता. पोरं कमी झाली होती, सात उरली होती, त्यांची छाती मोजून वहीत लिहिली जात होती. एक मात्र मी पाहिलं. कारखान्याकडून शाळेला येणारी पत्रं मार्गदर्शक म्हणून कोऱ्यांकडे जायची. त्या वर्षी चैत्रात एक लांब लिफाफा आला. कोऱ्यांनी तो फोडला, वाचला, परत घडी घातली आणि सूचनाफलकावर न लावता खिशात ठेवला. मी विचारलं, काय आहे? "काही न्हाई. आपल्या कामाचं न्हाई." मीही पुढे विचारलं नाही.

आखाडात शिवलिंगाला पंचवीस पूर्ण झाली. तो त्या दिवशी शाळेत आला आणि मला पेढा दिला. "काय रे, कशाचा?" तर म्हणाला, "इतकी वर्षं नाद केला सर, आज सुटला." हसून म्हणाला, पण पेढा देताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

माझी सासुरवाडी मुदखेडची. पोळ्याच्या सुमारास मी तिथे होतो. सासऱ्यांना किनवटला जायचं होतं, त्यांना आदिलाबादच्या गाडीत बसवायला स्टेशनवर गेलो. त्यांना जागा मिळवून देऊन खाली उतरतो तो पुढच्या डब्याशी मेजर कोरे. अंगात साधा सदरा. खाकी नसलेले कोरे मी प्रथमच पाहिले, एकदम लहान दिसले. खिडकीत त्यांचा मुलगा महादू बसला होता, एकोणीस-वीस वर्षांचा. तो फिटर नव्हता, कशातच नव्हता, नववीत दोनदा बसून घरी राहिला होता. आणि त्याची पत्र्याची पेटी डोक्यावरून उतरवून डब्यात सरकवत होता शिवलिंग.

मला बघून शिवलिंगाचा चेहरा फुलला. "सर! म्हादू लागला बगा, कारखान्यात! मी म्हणलं, येतो संगं पोचवायला. कुणीतरी लागलं आपलं."

कोरे मला बघून चपापले. लगेच म्हणाले, "शिवलिंगा, जा, च्या घिऊन ये दोन." तो धावत गेला. मी मुद्दाम तिथेच उभा राहिलो. गाडी सुटायला थोडाच वेळ होता आणि कोऱ्यांना मुलाशी बोलायचं होतं, म्हणून माझ्याकडे पाठ करून ते खिडकीशी वाकले आणि बोलू लागले.

"हे बग. फाटकावर उजव्या हाताची खिडकी, तिथं कागद दाखवायचे. कुठं जातो इचारलं तर पॅकिंग म्हण. लोडिंगला जाऊ नको, कंबर जाती. हातोडी आपली आपण निवडायची, दांडा वजनाला हलका बगायचा. खिळा आधी थोडा तिरपा धर, फळी फाटत न्हाई. दोन वर्षं गप काम कर. मंग आतल्या आत खात्याची परीक्षा असती. माप घ्यायला आलं पायजे, व्हर्नियर शिकून घे कुणाकडून तरी, लाजू नको. फिटरचा अर्ज भर. समदे तसंच चढत्यात. बाहेरून फिटर हुणारे थोडे, आतून हुणारे लई."

मी ऐकत होतो. सहा वर्षं या माणसाच्या शेजारी बसलो, त्याच्या तोंडून एक उपयोगाचं वाक्य ऐकलं नव्हतं. आणि इथे एकामागून एक, स्वच्छ, खरं, हातात घेऊन चालू पडावं असं. त्याला सगळं येत होतं. सगळं ठाऊक होतं. कारखान्याचं एक दार त्यानं स्वतः उघडून पाहिलेलं होतं, पण ते बुटकं होतं, वाकून जावं लागायचं, म्हणून त्यानं ते पोरांना कधी दाखवलं नाही. पोरांनी विचारलं असतं ना, की साहेब, तुम्हीही याच दारानं गेला होता का? मुलापुढे ती लाज नव्हती.

मी म्हणालो, "कोरे, चैत्रातला तो लिफाफा हाच का?"

ते वळले. मिशा होत्या तशाच होत्या, पण डोळे माझ्याकडे येईनात. "ती लेबरची जागा, सर," ते म्हणाले. पहिल्यांदाच मला सर म्हणाले. "शिवलिंग फिटर हाय. त्याला खिळे ठोकायला जा, असं कोणच्या तोंडानं सांगू?"

मला पुष्कळ बोलायचं होतं. पण त्याच दाराची गोष्ट माझ्या मावसभावानं मलाही सांगितली होती, दिवाळीचा फराळ खाताना, आणि मी हसलो होतो. तेवढ्यात शिवलिंग चहाचे दोन ग्लास सांभाळत आला. एक कोऱ्यांना दिला, एक मला. स्वतःला आणलाच नव्हता. मग खिडकीच्या गजांना धरून त्यानं महादूला विचारलं, "म्हादू, पोस्ट कंची रं? मी इचारायचंच राहिलं."

"फिटर," कोरे घाईनं म्हणाले.

महादू भाबडा पोरगा. त्याला बापाचं काहीच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "न्हाई आप्पा, लेबर की. पॅकिंगमधी, पेट्या ठोकायला. सातवी पास चालतंय, शिवलिंगअण्णा. आप्पांनी कागद आणला चैतात, मी भरला."

गाडी हलली. महादू हात हलवत राहिला, आम्हा तिघांपैकी कुणी हलवला की नाही मला आठवत नाही. डबे निघून गेले, समोरची रिकामी लाईन आणि पलीकडची बाभळीची झाडं दिसू लागली. शिवलिंग मनात काहीतरी मोजत होता. त्याचे ओठ हलत होते. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ.

"चैतात मी चोवीस वर्षांचा व्हतो, साहेब," तो म्हणाला.

चहाचा ग्लास कोऱ्यांच्या हातात भरलेला तसाच होता.

"मी ठोकले असते की खिळे," शिवलिंग म्हणाला. आवाज चढवला नाही, रडलाही नाही. कुणी वाट विचारावी तसं बोलला. "मला काय लाज व्हती त्यात?"

मेजर कोऱ्यांनी ग्लास बाकावर ठेवला, सदरा खाली ओढून नीट केला आणि म्हणाले, "चला. मोटार चुकंल."

त्या वर्षाअखेर मला नांदेडला नोकरी मिळाली, मी लातूर सोडलं. पुढे कोऱ्यांची माझी गाठ पडली नाही आणि पडावी असंही कधी वाटलं नाही. माझ्या मनात ते राहिले आहेत ते मुदखेडच्या त्या एस.टी.तले. मलाही नांदेडला घरी जायचं होतं. नांदेडची गाडी लागली तेव्हा दाराशी झोंबाझोंबी चालली होती. कोरे मागे उभे होते, मीही मागेच होतो. आम्ही कसेबसे आत शिरलो तर पुढच्या बाकावर, खिडकीशी, पंचा टाकून एक जागा धरलेली होती. शिवलिंग बाजूला दांड्याला धरून उभा होता. तो म्हणाला, "बसा साहेब." आणि मेजर बसले.